गड चढण्यापूर्वीची दहा मिनिटे

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास वेल्ह्यात उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कोणी नसरापूरहून आत वळून, तर कोणी पाबे घाटातून, पुण्याच्या गाड्या एकामागून एक येऊन थांबतात. तोरण्याचा माथा ढगात हरवलेला असतो. दीड-दोन तास गुडघे दुमडून बसलेली मंडळी खाली उतरतात, आळोखेपिळोखे देतात, पोहे आणि चहा घेतात, पाठीवर सॅक चढवतात, सर्वांचे मिळून एक छायाचित्र काढतात, शिवरायांचा जयघोष करतात आणि थेट चढाला भिडतात. पहिली दहा मिनिटे गप्पांचा फड रंगलेला असतो. पुढच्या दहा मिनिटांत गप्पा थांबतात, घोळक्याची लांबलचक रांग होते आणि कोणीतरी दगडावर बसून, ‘आता पूर्वीसारखा दम राहिला नाही,’ असे जाहीर करते.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. तीच व्यक्ती तासाभराने बिनी दरवाजाखालच्या कातळावर बऱ्यापैकी सहज चढताना दिसते. दम तेवढाच असतो; फक्त शरीर जागे होण्याआधीच त्याच्याकडून कामाची अपेक्षा केलेली असते. धावपटू, कुस्तीगीर, क्रिकेटपटू यांपैकी कोणीही अंग मोकळे केल्याशिवाय मैदानात उतरत नाही. एवढेच कशाला, गुलमर्गला किंवा औलीला बर्फावरचे स्कीइंग शिकायला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून तेथील प्रशिक्षक दिवसाची पहिली घसरण करण्यापूर्वी निमूटपणे कवायत करून घेतो. गड चढणे मात्र ‘नुसते चालणे’ समजले जाते आणि चालण्यासाठी कसली आली आहे तयारी, असा आपला समज असतो.

हे ‘नुसते चालणे’ किती असते, ते आकड्यांत पाहावे. तोरणा हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १४०३ मीटर आहे. पायथ्याच्या वेल्हे गावापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटरहून अधिक चढ आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर हे दोनशे मजले चढून जाणे झाले, तेही पाठीवर पाण्याचे आणि डब्याचे ओझे घेऊन, ओल्या दगडांवरून आणि निसरड्या मुरमावरून. मग तेवढेच दोनशे मजले उतरणे आलेच. शेजारच्या राजगडाची कथा वेगळी नाही. गुंजवण्याहून चोर दरवाजाने वर जाणारी वाट शेवटच्या टप्प्यात लोखंडी कठड्याला धरून चढावी लागते आणि बालेकिल्ल्याला हात आखडून चालत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास मंजुरी दिली आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून राजगडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या भागाकडे वळणारी पावले त्यामुळे वाढणारच आहेत. त्यांत आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांची पावले सर्वांत जास्त असतील, हेही उघड आहे.

आणि गडावरची दुखापत ही मैदानावरच्या दुखापतीसारखी नसते. मैदानात पाय मुरगळला तर दहा पावलांवर बाक असतो. बिनी दरवाजाजवळ मुरगळला, तर तेथून गाडीपर्यंतचा सारा उतार त्या एका पायावर किंवा इतरांच्या खांद्यावरून पार करावा लागतो. गावातील तरुण आणि बचाव पथकांचे स्वयंसेवक धावून येतात, परंतु पावसात निसरड्या वाटेने माणूस खाली आणणे हे काही तासांचे आणि आणणाऱ्यांनाही धोक्याचे काम असते.

थिजलेले तूप

शरीर ‘तापवणे’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो, पण तो शब्दशः खरा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हातापायांच्या स्नायूंचे तापमान शरीराच्या अंतर्भागापेक्षा कमी असते. सकाळच्या गारव्यात, भिजलेल्या कपड्यांत आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर ते आणखी उतरलेले असते. आठ-दहा मिनिटांच्या हलक्या हालचालीने ते दोन-एक अंशांनी वाढते. ही वाढ दिसायला क्षुल्लक वाटते. मात्र थंडीच्या दिवसांत थिजलेले तूप चमच्याला कसा विरोध करते आणि किंचित ऊब लागताच कसे ओघळू लागते, हे आठवले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. उबदार स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे कंडर अधिक सहजपणे ताणले जातात. मज्जातंतूंमधून संदेश अधिक वेगाने जातात. पाय घसरल्यावर तोल सावरण्याचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या अंशांतच मोजायचा असतो, पण ओल्या कातळावर पडणे किंवा न पडणे त्या अंशावरच ठरते. रक्तातील हिमोग्लोबिनही उबदार स्नायूंमध्ये प्राणवायू अधिक सहजपणे सोडून देते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या वाटपाची. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयाकडून निघणाऱ्या रक्तापैकी जेमतेम १५ ते २० टक्के रक्त स्नायूंच्या वाट्याला येते. जोरदार श्रमात हाच वाटा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. हा बदल कळ दाबताच दिवा लागावा तसा होत नाही. रक्तवाहिन्या रुंदावणे, श्वास खोल होणे, ठोक्यांचा वेग वाढणे या साऱ्याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. तोवर स्नायूंना प्राणवायूच्या पुरेशा पुरवठ्याविना काम भागवावे लागते आणि त्याची किंमत धाप व जडावलेल्या मांड्यांच्या रूपाने चुकवावी लागते. पहिल्याच चढावर ‘संपलो’ असे वाटण्याचे रहस्य हेच. चढ जितका तीव्र आणि सुरुवात जितकी वेगवान, तितके हे कर्ज मोठे. त्यात नुकतीच तर्रीदार मिसळ पोटात गेली असेल, तर पचनसंस्थाही त्याच रक्तावर आपला हक्क सांगत असते.

हृदयाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ पुरुषांना कोणत्याही पूर्वतयारीविना फिरत्या पट्ट्यावर अवघी दहा-पंधरा सेकंदे जोरात धावावयास लावले होते. त्यांच्यातील बऱ्याच जणांच्या हृदयालेखात तात्पुरते दोष उमटले. धावण्यापूर्वी हलका व्यायाम करून घेतल्यावर हे दोष मोठ्या प्रमाणात कमी झाले. अचानक आलेल्या मागणीच्या वेगाने हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील पुरवठा वाढत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. वेल्ह्यातून निघणाऱ्या गटांत चाळिशी-पन्नाशीची, वर्षातून दोनदाच डोंगर पाहणारी मंडळी असतात. त्यांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावयास हवी.

तिसरे वंगण. गुडघ्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव तिला पोसतो आणि सांध्याचे घर्षणही कमी करतो. सांधा हलू लागला की हा द्रव पातळ होतो आणि पसरतो. दोन तास एकाच कोनात दुमडलेल्या गुडघ्यात तो नीट फिरलेला नसतो. गाडीतून उतरल्यावर पहिली चार पावले अवघडल्यासारखी पडतात, त्यामागे हेही एक कारण असते.

ताणून धरण्याचा गैरसमज

आता प्रश्न असा, की अंग मोकळे करायचे म्हणजे नेमके काय करायचे? शाळेतील कवायतीपासून बहुतेकांच्या मनात एकच चित्र आहे : कमरेत वाकायचे, पायाचे अंगठे धरायचे, मागच्या शिरा चरचरेपर्यंत तसेच राहायचे आणि तीस अंक मोजायचे. वेल्ह्यात जे मोजके गट काही व्यायाम करताना दिसतात, तेही बहुधा हेच करतात. क्रीडावैद्यकाचे मत मात्र गेल्या पंचवीसएक वर्षांत पुष्कळ बदलले आहे.

२००० साली ऑस्ट्रेलियाच्या लष्करातील १५३८ नवसैनिकांवर झालेला प्रयोग या बाबतीत वारंवार सांगितला जातो. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणात निम्म्यांना व्यायामापूर्वी पायांचे प्रमुख स्नायू ताणून धरण्यास सांगितले होते, उरलेल्यांना नाही. पायांच्या दुखापतींच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. पुढे झालेल्या अभ्यासांतून असेही दिसले, की एखादा स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरला तर त्याची ताकद काही वेळापुरती घटते. अल्पकाळ ताणल्याने फारसे बिघडत नाही, पण साधतही फारसे नाही. लवचिकतेसाठी ताणाचे व्यायाम उपयुक्त आहेत, यात शंका नाही. ते घरी, संध्याकाळी, अंग गरम असताना करावेत. थंड स्नायू ओढून धरण्याने तो गरम होत नाही, इतकी साधी ही बाब आहे.

उपयोग होतो तो चालत्या-फिरत्या हालचालींचा. ज्या हालचाली पुढे करावयाच्या आहेत, त्याच आधी हलक्या स्वरूपात करून घेणे, हे आजच्या तयारीचे सूत्र मानले जाते. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात धावणे, ताकद, तोल आणि उडी यांचे सुमारे वीस मिनिटांचे मिश्रण नियमितपणे करणाऱ्या संघांत एकूण दुखापती आणि गंभीर दुखापती कमी आढळल्या. अर्थात, त्या मुली हे हंगामभर, आठवड्यातून अनेकदा करत होत्या. वेल्ह्याच्या वाहनतळावर एका रविवारी केलेल्या दहा मिनिटांकडून तेवढ्या फळाची अपेक्षा ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मंगळवार-गुरुवारी घराचे जिने चढणे-उतरणे आणि बैठका मारणे यांना पर्याय नाही.

गंमत अशी, की आपल्याकडील जुन्या तालमींची रीत या नव्या मताशी बरीच जुळते. पैलवान हौद्यात उतरण्याआधी जोर-बैठका काढतो. शरीर एका जागी ताणून धरत नाही, लयीत हलवतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघरी पोहोचवलेला सूर्यनमस्कारही सलग, श्वासाच्या लयीत घातला तर उत्तम पूर्वतयारी ठरतो. पुण्याहून निघण्यापूर्वी घरातच सहा-आठ नमस्कार घालून निघणाऱ्यास वेल्ह्यातील चिखलात हात टेकवण्याची गरज राहणार नाही. मात्र मधल्या दोन तासांच्या प्रवासात ती ऊब विरून जाते, म्हणून पायथ्याशी थोडे तरी पुन्हा करावेच लागते.

गावकरी मात्र यातले काहीच करत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. गडावर ताक-दही विकायला निघालेली मावशी डोक्यावर भांडे घेऊन थेट चालू लागते, हे खरे. पण ती पहाटेपासून झाडलोट, पाणी, गुरे यांत राबलेली असते. तिची पूर्वतयारी तुम्ही वेल्ह्यात पोहोचण्याआधीच आटोपलेली असते. शिवाय तिची चाल पाहण्यासारखी असते. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत वेग एकच, पावले आखूड, थांबे जवळजवळ नाहीत. शहरी गट तिला पहिल्या चढावर मागे टाकतो आणि माथ्यावर पोहोचतो तेव्हा ती ताकाचे ग्लास भरत बसलेली असते.

पायथ्याशी करावयाचे

साधनांची गरज नाही. एक गाडी किंवा सोबत्याचा खांदा आधाराला, आणि एखादी पायरी किंवा ओटा एवढे पुरते. सॅक खाली ठेवून सुरुवातीस तीन-चार मिनिटे सपाटीवर चालावे; आरंभी रमतगमत, मग झपाट्याने. चालतानाच हात खांद्यापासून गोल फिरवावेत. काही पावले फक्त चवड्यांवर, काही फक्त टाचांवर टाकावीत. घोट्यांसाठी इतके सोपे आणि इतके दुर्लक्षित दुसरे काही नाही, आणि डोंगरात सर्वाधिक वेळा घात करतो तो घोटाच. नंतर एक पाय किंचित उचलून घोटा दोन्ही दिशांना फिरवावा आणि टाचा वर उचलून सावकाश खाली टेकवण्याची क्रिया दहा-पंधरा वेळा करावी.

त्यानंतर आधाराला हात लावून एक-एक पाय लंबकासारखा पुढे-मागे आणि मग आडवा झुलवावा. झोका लहान ठेवून हळूहळू वाढवावा. पहिल्याच झोक्यात पाय छातीपर्यंत नेण्याची फुशारकी करू नये. प्रवासात आखडलेली कंबर आणि जांघ याने मोकळी होते. मग दहा अर्ध्या बैठका. अर्ध्याच, कारण पूर्ण बैठकीची सवय नसलेल्या गुडघ्याला भल्या सकाळी पूर्ण वाकवण्यात शहाणपण नाही. पाठोपाठ एक पाऊल लांब पुढे टाकून गुडघा वाकवायचा आणि पुढे चालत राहायचे, अशी आठ-दहा पावले. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकतो आहे ना, आत तर कलत नाही ना, हे शेजाऱ्याने पाहावे. स्वतःला ते कळत नाही.

आता पायरी. या सर्वांतील एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल, तर ती हीच असावी. पायरीवर दोन्ही पायांनी उभे राहून एक पाय सावकाश, तीन अंक मोजत, खाली टेकवावा आणि पुन्हा वर घ्यावा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा. चढताना हे कशाला, असे वाटेल. याचे कारण उतारात आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीराला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत शरीराचा भार रोखून धरतो, गाडीच्या ब्रेकसारखा. हे काम दमवते कमी, पण स्नायूच्या तंतूंना इजा जास्त करते. सोमवारी कार्यालयाचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो या ब्रेक लावण्याचा परिणाम. स्कीपटूच्या मांड्यांवर दिवसभर नेमका हाच ताण असतो. फरक इतकाच, की यांत्रिक पाळणा त्याला वर नेतो आणि तो थेट उताराला लागतो. थंड वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटे लोंबकळत बसल्यावर पहिल्याच वळणाला त्याला ब्रेक लावावे लागतात. म्हणूनच त्याला दिवसाच्या आरंभी तयारी करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याला चढ आधी मिळतो, हे आपले भाग्य. पण तोरण्याची वाटही सलग चढाची नाही. मधेमधे सोंडेवर उतार येतात, ओले दगड येतात आणि ब्रेक लावण्याची गरज पहिल्या अर्ध्या तासातच पडू शकते.

ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये झालेला एक छोटा प्रयोग डोंगर उतरणाऱ्यांसाठीच केल्यासारखा वाटतो. ५२ निरोगी माणसांना उतरत्या पट्ट्यावर अर्धा तास उलटे चालावयास लावून मुद्दाम स्नायूदुखी निर्माण करण्यात आली. काहींनी आधी शरीर तापवले होते, काहींनी नंतर शरीर शांत करण्याचा व्यायाम केला, काहींनी दोन्ही केले, काहींनी काहीच केले नाही. आधी तापवणाऱ्यांची दोन दिवसांनंतरची दुखणी काहीशी सौम्य होती. नंतरच्या व्यायामाने मात्र फरक पडला नाही. लाभ माफक होता, हेही सांगितले पाहिजे.

पायरीनंतर तोल. एका पायावर वीस सेकंद उभे राहणे, मग दुसऱ्या. हे सॅक पाठीवर घेऊन करावे, म्हणजे बदललेल्या भाराची शरीराला ओळख होते आणि एका बाजूला कललेली सॅक चढाआधीच लक्षात येते. शेवटी खांदे, मनगटे आणि बोटे. चोर दरवाजाच्या कठड्याला किंवा बिनी दरवाजाखालच्या दगडांना प्रत्यक्ष हात घालण्याची वेळ येते, तेव्हा सकाळपासून चहाच्या पेल्याशिवाय काही न पकडलेली बोटे गारठलेली असतात. मुठी मिटणे-उघडणे, मनगटे फिरवणे, कमरेतून धड डावीकडे-उजवीकडे वळवणे यांस मिनिटभर पुरे.

एवढे झाल्यावर श्वास किंचित वाढलेला असावा, कपाळावर घामाची ओल जाणवावी, पण बोलता पूर्ण वाक्यात यावे. धाप लागली असेल, तर पूर्वतयारीच्या नावाखाली व्यायामच झाला असे समजावे आणि दोन मिनिटे सावकाश चालावे.

क्रम चुकतो तो येथे

बरेच गट हे सारे मनोभावे करतात आणि मग त्याचे फळ वाहनतळावरच सोडून देतात. व्यायाम होतो, मग गटप्रमुख सूचना देतो, मग ओळखपरेड, मग हजेरी, मग मोजदादीत एक कमी भरतो, मग छायाचित्र. वीस मिनिटे उभ्याउभ्या जातात आणि अंग पुन्हा गार पडते. स्नायूंची ऊब हलकी हालचाल थांबल्यावर पंधराएक मिनिटांतच ओसरू लागते. तेव्हा हजेरी, सूचना, ओळख, जयघोष हे आधी, व्यायाम सर्वांत शेवटी, आणि व्यायाम संपताच चालू पडणे असा क्रम ठेवावा. पोहे-चहादेखील आधीच, आणि मिसळ शक्यतो परतल्यावर.

चालू पडल्यानंतरही पहिली पंधरा-वीस मिनिटे तयारीचाच भाग मानावीत. सर्वांत संथ माणसाला पुढे ठेवून, आखूड पावलांनी, न थांबता चालावे. वेल्ह्यातून निघताना आरंभी मिळणारी सपाटी याला सोयीची आहे. पुढे पहिल्या चढावर तरुण मंडळी उसळी मारतात आणि मागच्यांना नकळत आपल्या वेगाने खेचतात. गटप्रमुखाची खरी कसोटी तेथे लागते. सिंहगडाच्या नेहमीच्या वाटेवर दर रविवारी घड्याळ लावून चढणारे येथे विशेष फसतात. सिंहगडाची पायाखालची वाट आणि तोरण्याची वाट यांत फरक आहे, आणि घड्याळाला तो कळत नाही.

ऋतूप्रमाणे थोडा बदल करावा. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तयारीस वेळ जास्त द्यावा, अंगावर एक जादा कपडा ठेवावा आणि तो पहिल्या चढाआधी उतरवावा; भिजलेला घाम नंतर माचीवरच्या वाऱ्यात बाधतो. एप्रिल-मेमध्ये उलट. तेव्हा शरीर तापलेलेच असते, उष्णता साठवण्यात धोका असतो. सांधे आणि तोल यांची चार-पाच मिनिटे सावलीत पुरतात आणि पहाटे लवकर निघणे कोणत्याही व्यायामाहून हितकारक ठरते.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे, ज्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे किंवा जे चाळिशीनंतर प्रथमच गडाकडे वळत आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे घेणाऱ्यांचे शरीर सावकाश तापते, त्यांनी तयारीचा अवधी वाढवावा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अवचित आलेला घाम किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास ‘अंग मोकळे झाले की जाईल’ असे म्हणत पुढे जाऊ नये. तेथेच थांबावे, सोबत्यांना सांगावे आणि खाली उतरण्याचा निर्णय घ्यावा. याला पूर्वतयारी हा उपाय नाही.

राहता राहिला दुसरा आरंभ. मेंगाई देवीच्या मंदिरापाशी डबे उघडले जातात, झुंजार माची, बुधला माची पाहून होते, कोणी तासभर आडवे होते. तोवर अंग गार पडलेले असते, मांड्या दमलेल्या असतात आणि समोर दिवसाचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे उतार असतो. स्कीच्या मैदानावर जाणते प्रशिक्षक दुपारच्या जेवणानंतरची पहिली घसरण सकाळच्या पहिलीइतकीच जपून करावयास लावतात, त्याचे कारण हेच. गडावरून निघताना सकाळचे सर्व पुन्हा करण्याची गरज नाही. माथ्यावर पाच मिनिटे इकडेतिकडे झपझप चालणे, घोटे फिरवणे, पाच-सहा अर्ध्या बैठका आणि एखाद्या दगडी पायरीवरून तीन अंक मोजत पाय खाली टेकवणे, एवढे पुरते. बुटाच्या नाड्या याच वेळी पुन्हा आवळाव्यात, म्हणजे उतरताना बोटे पुढे आदळत नाहीत. बिनी दरवाजातून बाहेर पडताना पहिली पावले गुडघे किंचित वाकवून, लहान आणि सावकाश टाकावीत.

वेल्ह्यात परतल्यावर लगेच गाडीत कोसळण्याऐवजी पाचएक मिनिटे गावातून सावकाश फिरावे. पायांत साठलेले रक्त परत फिरते आणि एकदम बसल्या-उठल्याने येणारी घेरी टळते. ताणून धरण्याचे व्यायाम करण्याची हौस असेल, तर त्यांची वेळ ही. गाडी चालवणाऱ्याने तर हे अवश्य करावे, कारण पाबे घाटाच्या वळणांवर ब्रेक दाबणारा पाय तोच असतो, ज्याने नुकतेच दोनशे मजले उतरताना ब्रेकचे काम केलेले आहे. शक्य असल्यास परतीच्या प्रवासात गाडी त्याने चालवावी, जो गडावर न जाता खाली थांबला होता.